काउझहून नागभीडला

काउझ, रात्री

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

रोवणी आटोपली का? बांध्यांत पाणी थांबलं की वाहून गेलं, ते आईला कळवायला सांगा. इथे ऑगस्टातही वारा हाडांत शिरतो. फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवरच्या माणसाने कागद न पाहताच परत लोटले, त्यात दुपार गेली. जेवायला तळलेला मासा आणि बटाटे, पंधरा पौंड! म्हणजे दीड हजाराच्या वर. त्या ताटापुढे एचएमटीच्या भाताची इतकी आठवण झाली की घास उतरेना. दादाजी खोब्रागड्यांनी आपल्याच तालुक्यातल्या नांदेडला निवडून काढलेला तांदूळ, त्यावर आईचं वरण.

चित्राची छापील प्रत अखेर एका दुकानात दिसली. ऑस्वल्ड ब्रायर्लीचं चित्र, त्यावरून टी. जी. डटनने केलेला शिळाछाप. २२ ऑगस्ट १८५१ ची शर्यत: काउझहून निघून वाइट बेटाला वळसा, सुमारे ५३ मैल. इंग्रजांच्या नौकांत न्यूयॉर्कची ‘अमेरिका’ एकटीच परकी, आणि जिंकली तीच. चषकाला पुढे तिचंच नाव पडलं. तो अमेरिकेच्या हातून सुटला थेट १९८३ साली, ऑस्ट्रेलियाने नेला तेव्हा.

बाबा, शिडं बघायची. इंग्रजांची शिडं जवसाच्या धाग्याची, वाऱ्याने पोट सुटणारी. आपण धानानंतर तेलासाठी पेरतो, तेच जवस. ‘अमेरिका’ची यंत्रावर विणलेल्या कापसाची, ताणून सपाट बसवलेली. वाऱ्याच्या तोंडावर चढताना असंच शीड कामाला येतं. विदर्भातल्या माणसाची नजर आधी त्या कापसावरच जाणार.

ब्रायर्ली नुसता किनाऱ्यावरचा चित्रकार नव्हे. ऑस्ट्रेलियात देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या वस्तीत राहिलेला, ‘रॅटलस्नेक’ जहाजावरून फिरलेला. कोणता दोर कुठे ताणतो हे त्याने डेकवर पाहिलं होतं. जलरंगांवर त्याचा हात बसलेला. १८७४ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला आपला सागरी चित्रकार नेमलं, ते योग्यच झालं.

झोप येते आहे. बाकी उद्या.

फाल्मथच्या गाडीत

लंडन पाहिलं, पाऊस होता. फाल्मथला मात्र मन ओढतं आहे. मुंबईत सागवानातून बांधलेली ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटाच, कुठेही न थांबता, जगाला वळसा घालून ३१२ दिवसांनी एप्रिल १९६९ मध्ये तिथेच परतला. तीही शर्यतच होती. आलापल्लीच्या सागाचं तिथे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

स्टेशनचं काम कुठवर आलं? घोडाझरी भरून वाहू लागला की लगेच कळवा. आईच्या गुडघ्याचं औषध संपलं असेल, आणून ठेवा.

आपली,
माई