पारोळ्याहून धरणगावला

पारोळ्याचा किल्ला शोधावा लागत नाही, तो बाजारातच आहे. भाजीच्या पाट्या आणि भांड्यांची दुकानं ओलांडली की एकदम बुरूज समोर येतो. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी तो १७२७ च्या सुमारास बांधला आणि पन्नासेक घरांच्या खेड्याचं तटबंदीचं गाव केलं, असं गॅझेटियर सांगतं. खंदकात आता पाण्यापेक्षा काटेरी झुडपंच जास्त. दारापाशी उन्हाला बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, “किल्ला देखाले उनात का भाऊ?” मी हो म्हटल्यावर पुढची माहिती त्यांनी आपणहून दिली. झाशीच्या राणीच्या माहेरचे तांबे इथले, हे पारोळ्यात कुणीही सांगतं, आणि सांगताना मान ताठ होते.

किल्ल्यात मात्र मला दुसराच माणूस हवा होता. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि जॉन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट म्हणून इथं आला. याच ब्रिग्जने पुढे फरिश्त्याचा इतिहास इंग्रजीत आणला. १८२१ मध्ये पारोळ्यात मुक्कामाला असताना त्याच्या खुनाचा प्रयत्न झाला. सत्तावनच्या धामधुमीनंतर, १८५९ मध्ये, मालकांवर राजद्रोहाचा ठपका ठेवून इंग्रजांनी किल्ल्याची मोडतोड केली. पडक्या तटावरून चालताना दगड निखळलेले दिसतात. त्यातले किती सुरुंगाचे आणि किती पावसाचे, ते कुणी सांगावं!

हे सगळं डोक्यात घोळायला निमित्त झालं भाच्याचं. तो अमेरिकेत नॅशव्हिलला असतो. तिथल्या ‘हर्मिटेज’चे फोटो त्याने पाठवले होते. अँड्र्यू जॅक्सन या सातव्या राष्ट्राध्यक्षाचं ते घर. पुढे पांढरे खांब आणि मागे गुलामांच्या खोल्या. १८१५ साली न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांना धूळ चारणारा, साध्या घरातून वर आलेला, लोकांचा लाडका माणूस. आणि १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही करणाराही तोच. तो पायउतार झाल्यावर, १८३८ मध्ये, त्याच धोरणापायी चेरोकींना बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढलं; वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. वीस डॉलरच्या नोटेवर अजून त्याचं चित्र आहे. ते काढायचं की ठेवायचं, हा वाद तिकडे मिटत नाही. “आपल्याकडे असं कोणी आहे का?” भाच्याने विचारलं होतं.

आहे की. त्याच वर्षांत, इथेच. म्हणून एरंडोलमार्गे धरणगावची गाडी धरली.

थंडीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि वेचणी चालू. एका शेताच्या बांधाला पिकअप उभी होती. तिच्यातून आलेल्या बाया कमरेला ओटी बांधून सरीत वाकल्या होत्या आणि ओट्या फुगत चालल्या होत्या. शेजारच्या प्रवाशाने सांगितलं, सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल बाया आहेत, चोपड्याकडून येतात, किलोवर मजुरी.

या बायांच्या पूर्वजांशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो जेम्स आउट्रम. १८२५ मध्ये, बाविशीतला हा अधिकारी धरणगावला भिल्ल पलटण उभारायला आला. त्याच्या आधीची सात वर्षं कंपनीने भिल्लांवर फौजा घालून पाहिल्या होत्या. तापाने शिपाई मरत, भिल्ल डोंगरात शिरत, आणि गावच्या जागल्यांचे हक्क बुडाल्यामुळे लूट थांबत नसे. त्याआधीची आठवण तर आणखी वाईट. पेशवाईच्या अखेरीस कोपरगावी भिल्लांना फसवून बोलावून विहिरींत लोटलं होतं. म्हणून मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने वाट बदलली: जमीन द्या, तगाई द्या, नोकरी द्या. आउट्रमने आधी हल्ला करून टोळी मोडली, मग पकडलेल्यांतूनच पहिले शिपाई घेतले. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्यात वावरला. दयेचा भाग होताच. पण दया फौजेपेक्षा स्वस्त पडत होती, हेही तितकंच खरं.

इंग्रजांनी त्याला ‘भारताचा बायार्ड’, म्हणजे निष्कलंक वीर, म्हणून डोक्यावर घेतलं. सिंधच्या लुटीतला वाटा त्याने स्वतःसाठी ठेवला नाही, लखनौच्या मोहिमेत सेनापती हॅवलॉककडे नेतृत्व ठेवून स्वतः त्याच्या हाताखाली लढला. हे मोठेपण नाकारता येत नाही. पण अवध खालसा झालं तेव्हा तिथला रेसिडेंटही तोच होता. आणि खानदेशात? सेंधव्याच्या घाटात इंग्रजांची पोलीस चाकरी केलेला खाज्या नाईक सत्तावनमध्ये उलटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला त्याच्या भिल्लांशी लढाई झाली, तेव्हा सरकारच्या बाजूने लढणाऱ्यांत आउट्रमने उभारलेली पलटणही होती. भिल्लांवर भिल्ल. जॅक्सनने माणसं त्यांच्या जमिनीवरून हाकलली. आउट्रमने ती जागेवरच ठेवून वेगळ्या कामाला जुंपली. भाच्याला मी लिहिलं, दोघांना एका मापाने मोजू नकोस. आउट्रमने निदान माणूस पाहिला. पण पुढे १८७८ चा वनकायदा आला तेव्हा ज्यांचं जंगल होतं तेच त्यात चोर ठरले, आणि त्यांच्यावर पहारा करायला घडवलेले पोलीस तयारच होते.

धरणगावच्या स्टँडवर चहावाल्याला आउट्रमबद्दल विचारलं. “कोण?” तो म्हणाला. बालकवी म्हटल्यावर मात्र लगेच हात वर करून दिशा दाखवली. ते १८९० मध्ये इथेच जन्मले. इथे आउट्रमचा पुतळा पाडायचा प्रश्नच नाही. त्याचा अश्वारूढ पुतळा कोलकात्याला व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे, आणि खानदेशातला कोणी त्याला जाब विचारायला तिथपर्यंत जात नाही. मला मात्र शाळेच्या पुस्तकात खाज्या नाईकाच्या धड्यातच त्याचं नाव हवं: पलटण कोणी काढली, कशासाठी काढली आणि ती पुढे कोणावर चालून गेली, एवढं सांगणारं.

चहावाल्याने पैसे घेताना विचारलं, “मग तो साहेब चांगला होता का वाईट?” मागे जळगावची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. “अंबापाणीवाल्यांना विचारा,” मी म्हटलं. तो म्हणाला, “ते कुठं भेटायचे?” मी रस्त्यापलीकडच्या कापसाच्या गाड्यांकडे बोट केलं. “आठवडाभर शेतात आहेत ते,” तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.