काडी फुल, नेट गुल

रात्री साडेनऊनंतर फोन वाजला की नाव न बघताच कळतं, कुठल्या तरी होस्टेलचा किंवा अभ्यासिकेचा असणार. "भाऊ, काडी फुल दाखवते, मंग नेट काहून चालत नाई?" बुलढाणा, चिखली, मोताळा या पट्ट्यात मी नेटवर्किंगची कामं करतो, आणि माझा अर्धा धंदा या एका प्रश्नावर चालतो.

गेल्या वर्षीचं एक काम सांगतो. चिखली रोडवरची इमारत. खाली दुकानं, वरच्या दोन मजल्यांवर पोरांच्या खोल्या, गच्चीवर पत्र्याचा शेड टाकून केलेली अभ्यासिका. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी असं सगळं मिळून नव्वदेक पोरं. मालक काका वैतागलेले. शंभरचा प्लॅन दोनशेचा केला, दोनशेचा तीनशेचा केला, तरी रात्री व्हिडिओवर गोल फिरायचं ते फिरायचंच. प्रत्येक मजल्यावर वायफायचा एक डबा आणि दोन डब्यांच्या मध्ये एक रिपीटर, असा थाट होता.

मी आधी लॅपटॉपला वायर लावून थेट फायबरच्या डब्यात घातली. रात्रीचे दहा वाजलेले, तरी जवळजवळ पूर्ण तीनशे मिळाले. म्हणजे टाकी भरलेली होती, नळालाच पाणी येत नव्हतं. कंपनीला शिव्या देण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी करायची असते. कुणी करत नाही.

हिशेब तसा साधा आहे. मोबाइलवर लेक्चर बघायला एका पोराला दीड एमबीपीएस पुरतात. नव्वदच्या नव्वद पोरं एकाच वेळी बघायला बसली तरी दीडशेच्या आत काम होतं. काका दुपटीचे पैसे भरत होते. अडत होतं ते हवेत.

वायफायची हवा ग्रामसभेसारखी असते. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. दोघं एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू जात नाही. मग दोघांनीही जरा थांबून पुन्हा बोलायचं. या शिस्तीचं मूळ हवाई बेटांवर आहे. 1971 साली तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं रेडिओने एका संगणकाला जोडली, तेव्हा टक्कर झाली की थांबून पुन्हा पाठवायची युक्ती वापरली. आपला फोन बोलण्याआधी कानोसाही घेतो, एवढीच नंतरची सुधारणा.

आता या सभेत एखादे आजोबा उभे राहिले आणि एकेक शब्द सावकाश बोलू लागले, तर बाकीचे खोळंबतात. जुना फोन, किंवा तीन भिंतींपलीकडून कसंबसं पकडलेला फोन, म्हणजे हे आजोबा. त्याला थोडासाच डेटा हवा असतो, पण वेळ सगळ्यांचा जातो. काडी फक्त आवाज किती मोठा येतोय ते सांगते, आपली पाळी कधी येणार ते सांगत नाही. रिपीटर तर याहून वाईट. तो प्रत्येक वाक्य ऐकून पुन्हा तेच बोलतो, म्हणजे सभेचा वेळ दुप्पट खातो. त्या इमारतीतले दोन्ही रिपीटर मी पहिल्याच दिवशी काढून काकांच्या हातात दिले.

डबे तिन्ही एकाच चॅनेलवर ओरडत होते. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. त्यात खालच्या दुकानांचे आणि शेजारच्या क्लासचे डबेही तिथेच. हा पट्टा आपल्याकडे 2005 साली विनापरवाना वापरायला खुला झाला, त्यामुळे तिथे सगळ्यांचीच गर्दी. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे, 2018 साली ती आणखी मोकळी झाली. लोकांची तक्रार अशी की ते भिंत ओलांडत नाही. अहो, नव्वद पोरांच्या इमारतीत हाच त्याचा गुण! एका खोलीचा गलका दुसऱ्या खोलीत जात नाही.

पण इथे माझीच चूक सांगायला हवी. मी चार नवे अॅक्सेस पॉइंट (एपी) आणले आणि व्हरांड्याच्या छताला ओळीने लावले, मजल्याला दोन. दिसायला झकास. पॉवर फुल ठेवली. आठवड्यात पुन्हा फोन. व्हरांडा म्हणजे बोगदा. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला स्वच्छ जातो. चारही एपी एकमेकांचं ऐकत थांबून राहायचे, आणि पोरगं वरच्या मजल्यावर गेलं तरी त्याचा फोन खालच्या एपीला चिकटून राहायचा. मग माझ्याच खर्चाने वायरी पुन्हा ओढल्या, एपी खोल्यांच्या आत नेले, खाली-वर एकाच रेषेत येणार नाहीत असे तिरपे बसवले आणि पॉवर निम्म्याहून खाली आणली. पॉवर कमी केल्यावर नेट सुधारलं, हे काकांना अजून पटलेलं नाही. पाचवा एपी अभ्यासिकेत, तिथल्या पोरांसाठी स्वतंत्र.

काकांना प्रत्येक मजल्याचं वेगळं नाव हवं होतं, शिवाय पाहुण्यांचं वेगळं, ऑफिसचं वेगळं. वायफायचं प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा आपली दवंडी पिटतं, तीही सगळ्यांत संथ वेगात, म्हणजे जुन्या फोनलाही कळावं. पाच नावं म्हणजे पाच दवंड्या, प्रत्येक डब्यातून. मी दोन नावांवर तडजोड केली आणि सगळ्यांत संथ वेग बंदच करून टाकले.

एक भानगड मात्र हवेतली नव्हती. काही पोरांचा फोन नुसता 'आयपी अॅड्रेस मिळवत आहे' म्हणत बसायचा. राउटरकडे वाटायला अडीचशेच पत्ते, आणि दिलेला पत्ता दिवसभर परत घ्यायचा नाही अशी सेटिंग. पोरं नव्वद असली तरी प्रत्येकाचे एक-दोन फोन, कुणाचा लॅपटॉप, भेटायला येणारे मित्र. संध्याकाळपर्यंत पत्ते खलास. मुदत दोन तासांवर आणली, पत्त्यांची रांग वाढवली, विषय संपला.

रात्री दहाचं कोडं त्याहून मजेशीर. त्या वेळी पोरं फोन चार्जिंगला लावतात, आणि चार्जिंगला लागलेला फोन दिवसभराचे फोटो वर चढवायला घेतो. नव्वद फोन एकदम वर ढकलू लागले की वर जाणारी वाट तुंबते, आणि खाली येणारा व्हिडिओही अडतो, कारण 'मिळालं, पुढचं पाठव' हा निरोप त्याच वाटेने जायचा असतो. मी प्रत्येक फोनला वर-खाली दोन्हीकडे मर्यादा घातली. त्यानंतर रात्रीचे फोन थांबले. एक पोरगा रागावला, पण तो सिनेमे उतरवत होता.

विजेचं बोलायलाच नको. एपीला वीज त्याच नेटवर्कच्या वायरीतून जाते, त्यामुळे खाली एक पीओई स्विच, फायबरचा डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर टाकला की झालं. सगळं मिळून शंभर वॅटच्या आत. पहिल्या पावसात मात्र मी एकदा दुसरीकडे मार खाल्लाय. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची वायर नेली होती. राजूर घाटाकडून ढग आले, वीज कुठे तरी जवळ कडाडली आणि स्विचचे चार पोर्ट गेले. तेव्हापासून इमारतीबाहेर फक्त फायबर. काचेला विजेचं काही घेणंदेणं नसतं.

फायबरवरून आठवलं, मुंबई सेंट्रलला जानेवारी 2016 मध्ये स्टेशनवरचं फुकट वायफाय सुरू झालं, तेव्हा सगळीकडे गूगलचं नाव गाजलं. खरी ताकद रेल्वेरुळांच्या कडेने आधीच टाकलेल्या रेलटेलच्या फायबरची होती. वायफायचं काम म्हणजे नव्वद टक्के वायरीचं काम.

म्हणून या दिवाळीनंतर जिल्ह्यात कुणाचं होस्टेल, अभ्यासिका किंवा घराचं बांधकाम निघणार असेल, तर प्लास्टर व्हायच्या आधी एक करा. जिन्याजवळच्या एका कोपऱ्यापासून प्रत्येक दोन खोल्यांमागे छतापर्यंत एक इंची पाइप टाकून ठेवा, आत ओढायला दोरी सोडून. लाइटच्या पाइपात नेटची वायर कोंबू नका. नंतर भिंत फोडायला मी येतो, पण त्याचे पैसे वेगळे पडतात.