धुऱ्याचं तोंड

रोवणी होऊन वीस-बावीस दिवस झाले की मोठी आई लुगड्याचा काष्टा आवळून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायची. डाव्या काखेत टोपली, उजव्या मुठीत युरिया. मूठ सुटली की पांढरे दाणे पाण्यावर पसरत आणि पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा बारीक आवाज येई. मी धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, बसून पाहायची. माझ्या पायाशी धुऱ्याला पाडलेलं वीतभर तोंड असे. त्यातून वरच्या बांधीचं पाणी आमच्याकडे येई, आमचं पाणी दुसऱ्या तोंडानं खालच्या बांधीत जाई, तिथून आणखी खाली आणि शेवटी नाल्यात. सगळ्यांचं लक्ष दाण्यांकडे असे, तोंडाकडे कुणाचंच नसे. पुढे मी मृद व जल संधारण अभियांत्रिकी शिकले आणि नोकरीतले कितीतरी पावसाळे अशा तोंडांपाशी बाटल्या भरण्यात घालवले.

बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. ही देशातल्या खोल भूमिगत मँगनीज खाणींपैकी एक. १९६२ साली मॉइल ही मँगनीज कंपनी उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या काळापासून मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या भागात मँगनीज निघत आलं आहे. बाबा पाळीवरून घरी येत तेव्हा त्यांच्या हातांच्या रेषांत काळं बसलेलं असे, साबणानंही न निघणारं. मोठ्या आईच्या पायांवर बांधीचा करडा चिखल. हे दोन रंग मी लहानपणी रोज पाहिले. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं मात्र कधी मनात आलं नाही.

तो संबंध कळला एफ. एन. पोन्नमपेरुमा यांच्या लेखनातून. हे मूळचे श्रीलंकेचे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षं घालवली, आणि पाण्याखालच्या मातीच्या रसायनावर १९७२ साली त्यांनी लिहिलेलं प्रकरण आजही आमच्या विषयाचा पाया मानलं जातं. मातीवर पाणी साचलं की तिच्यातल्या जिवाणूंना हवा मिळेनाशी होते. उरलासुरला प्राणवायू ते संपवतात. मग नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात. तो संपला की मँगनीजच्या ऑक्साइडमधला, त्यानंतर लोखंडाच्या, मग सल्फेटमधला, आणि सगळं आटल्यावर मिथेन तयार होऊ लागतो. म्हणजे नायट्रेटच्या लगेच पुढची पायरी मँगनीजची! बाबा सुरुंग लावून वर काढत होते तेच मँगनीज, कणाकणानं, मोठ्या आईच्या बांधीत दर पावसाळ्यात विरघळत होतं आणि बांधी सुकली की पुन्हा काळे ठिपके होऊन बसत होतं. आजही कुठल्या शेतात गेले की आधी खड्डा खणायला लावते. त्याच्या भिंतीत काळे-तांबडे खडे कुठल्या खोलीवर आहेत ते पाहिलं, की तिथं पाणी वर्षानुवर्षं कुठवर चढतं-उतरतं ते समजतं.

पावसाळ्यात बांधीतून फावड्यानं एक उभा काप काढून बघा. सगळ्यात वर काही मिलिमीटरचा तपकिरी पापुद्रा असतो. पाण्यातून झिरपणारी हवा तेवढ्याच थरापर्यंत पोचते. त्याखाली निळसर करडी, गुळगुळीत माती. धानाची मुळं जिथून गेली तिथं गंजासारख्या तांबड्या रेघा. नत्राचं सगळं नशीब या दोन थरांमध्ये ठरतं. वरून फेकलेल्या युरियाचं काही दिवसांत अमोनियम होतं. दुपारच्या उन्हात पाण्यातलं शेवाळ जोरात वाढतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनियमचा काही भाग वायू होऊन उडून जातो. तपकिरी पापुद्र्यात राहिलेल्या भागाचं नायट्रेट होतं. चिकणमातीचे कण अमोनियमला धरून ठेवतात, नायट्रेटला धरत नाहीत. ते पाण्याबरोबर खाली उतरतं, करड्या थरात पोचतं आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. उरलेलं पाण्याबरोबर धुऱ्याच्या तोंडातून निघून जातं.

नत्राचा हिशेब साधा आहे. युरियाच्या ४५ किलोच्या चुंगडीत ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. पाण्याखालच्या धानात फेकून दिलेल्या युरियातलं साधारण ३० ते ४० टक्के नत्र पिकाला मिळतं. चुंगडीमागे सहा ते आठ किलो धानाच्या पोटात, बाकीचं हवेत, मातीत किंवा नाल्यात. चुंगडी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. इतक्या स्वस्त मालाची गळती कास्तकाराला टोचत नाही, म्हणून ती मोजायला कुणीतरी लागतं.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच हातून एक चूक झाली. एका कास्तकाराच्या बांधीत मी प्रयोग मांडला होता. खत द्यायचा दिवस ठरलेला, वही तयार, मजूर आलेले. आभाळ भरून येत होतं आणि मी थांबले नाही. खत सोमवारी पडलं, मुसळधार पाऊस आला बुधवारी, म्हणजे पाण्यात अमोनियम नेमकं सर्वांत जास्त असतं त्या दिवशी. तोंड उघडंच होतं. मी पावसात भिजत बाटल्या भरल्या. प्रयोगशाळेत त्या पाण्यात नेसलर द्रावणाचे थेंब टाकले तेव्हा ते पिवळं होऊन न थांबता गडद नारिंगी झालं. त्या माणसाचं खत माझ्या बाटलीत होतं, आणि बाटलीत मावलं नाही ते वैनगंगेच्या वाटेला लागलं होतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक आराखड्यातला पहिला प्रश्न एकच असतो : पाणी बाहेर पडतं कधी? खत किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

यावरचे उपाय आपल्याच भाषेच्या मुलखात तयार झालेले आहेत. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भात लागवड कोकणात आणि महाराष्ट्राच्या इतर भातपट्ट्यांत अनेकांनी केली. भाताचा पेंढा आणि तुसाची राख पुन्हा मातीत, गिरीपुष्पाचा हिरवा पाला चिखलात, नियंत्रित अंतरावर जोडओळीत लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल मातीत, अशी ती चार सूत्रं. गोळी पावणेतीन ग्रॅमच्या आसपासची. चार चुडांच्या मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची, म्हणजे तपकिरी पापुद्र्याच्या खाली, थेट करड्या थरात. तिथं हवा नाही, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट होत नाही. वरच्या पाण्यात ते फारसं येत नाही, म्हणून वाहूनही जात नाही.

मोठ्या आईला मी एकदा या गोळ्या आणून दिल्या. तिनं एक उचलून तळहातावर फिरवली, अंगठ्यानं चिखलात दाबली आणि वरचं भोक बोटानं लिंपून टाकलं. लिंपायचं मी तिला सांगितलं नव्हतं, तिच्या हाताला ते ठाऊक होतं. दोन तासांनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "पोरी, खत चांगलं आहे तुझं, पण पाठ नाई उरत." तिचं म्हणणं खरं होतं. चांगली गोष्ट शेतात रुजायला पाठीचाही विचार करावा लागतो. गोळ्या दाबणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला म्हणूनच मनापासून आदर आहे.

ज्यांना गोळ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी धुऱ्याचं तोंड आहेच. खत देण्याआधी बांधीतलं पाणी कमी करायचं, ओल्या चिखलावर खत टाकायचं, एक दिवसानं पाणी पुन्हा भरायचं आणि तोंड आठवडाभर पक्कं बुजवायचं. पाण्यात वाढलेलं अमोनियम तेवढ्या दिवसांत बरंच उतरतं. धुरा मात्र मोठा पाऊस पोटात घेईल इतका उंच हवा. "पाणी कोंडलं तं धान सडन ना, मॅडम," असं पहिल्या वर्षी ऐकावं लागतं. आठवडाभर बोटभर जास्त पाण्यानं उभं धान सडत नाही. हे मी सांगून पटलेलं नाही, शेजारच्या बांधीत पाहून पटलं आहे.

सगळेच उपाय एका दिशेनं नेत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. भोकं पाडलेली नळी बांधीत रोवायची, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की मगच पुन्हा भरायचं, या पद्धतीनं पाणी वाचतं आणि मिथेन बराच कमी होतो. पण बांधी आलटून पालटून सुकली-भिजली की नायट्रेट तयार होतं, त्याचा वायू होताना नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. म्हणून नळी रोवली तरी खताच्या दिवसांत पाणी धरूनच ठेवावं, असं मी सांगते.

एवढं करूनही जे वाहतं, त्यासाठी आपल्या पूर्वजांनी तलाव ठेवले आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सिंचनासाठी बांधले. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात गावोगावच्या बोड्या त्याच घराण्यातल्या. तलावाच्या तळाशी कुजलेल्या पाणवनस्पतींचा, हवा नसलेला चिखल असतो. तिथं नायट्रेट पोचलं की जिवाणू त्याचा वायू करतात. अमेरिकेतल्या आयोवात शेताच्या कडेला खड्डे खणून त्यात लाकडाचे तुकडे भरतात आणि निचऱ्याचं पाणी त्यातून सोडतात, ते याच कामासाठी. स्फुरद गाळाला चिकटून येतं आणि तळाशी बसतं. उन्हाळ्यात तो गाळ काढून वावरात टाकण्याची जुनी रीत होती, म्हणजे वाहून गेलेलं परत आणलं जाई. २०१७ पासून महाराष्ट्रात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या नावानं तीच गोष्ट योजना झाली. तलाव बेशरमाच्या झुडपांनी भरू दिला, गाळ साचू दिला, की आपण एक चालू यंत्र बंद पाडतो.

भरवेलीचं पाणी इथंच थांबत नाही. ते वैनगंगेत जातं, गोंदिया-भंडाऱ्यातून गोसेखुर्दच्या धरणात साचतं, पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होतं आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं. वाटेत ते किती विहिरींत झिरपतं! पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं आपलं मानक आहे. ते जास्त झालं तर पहिला धोका बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला, कारण त्याच्या रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. हे विष दिसत नाही, वास देत नाही, उकळून जात नाही. एकदा विहिरीत उतरलं की काढणं महाग आणि अवघड. धुऱ्यापाशी अडवायला फावडंभर चिखल पुरतो.

राहिला खत किती, हा प्रश्न. बालाघाटच्या चिन्नोर या धानाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उंच, सुवासिक, उशिरा येणारं हे धान जास्त युरिया दिला की आडवं पडतं. आमच्या मातीनं स्वतःचं माप स्वतःच सांगून ठेवलं आहे, असं मला ते लोळलेलं धान पाहून वाटतं.

म्हणून भातपट्ट्यातल्या प्रत्येक कास्तकाराला माझं एवढंच मागणं आहे. आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी चुंगडी उघडू नका. उघडली, तर खत पडण्याआधी धुऱ्याभोवती एक चक्कर मारा, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवा, आणि ते वीतभर तोंड आठ दिवस बंद ठेवा.