नाममुद्रेतले घर

पंथाची पहिली पिढी म्हटले की अभ्यासकाची नजर संस्थापकाकडे, त्याच्या ग्रंथाकडे आणि शिष्यपरिवाराकडे जाते. परंतु मंगळवेढे आणि पंढरपूर या सोलापूर जिल्ह्यातील दोन गावांत तेराव्या-चौदाव्या शतकात वारकरी संप्रदायाची जी पिढी नांदली, तिच्यात शिष्यांच्या आधी आई, बायको, बहीण, मेहुणा, मुलगा आणि घरची दासी ही माणसे भेटतात. नामदेवांच्या घरातील आई गोणाई, बायको राजाई, मुले नारा, विठा, गोंदा, महादा आणि दासी जनी म्हणजेच जनाबाई या सर्वांच्या नावावर अभंग आहेत. चोखामेळ्याच्या घरी बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका आणि मुलगा कर्ममेळा यांच्याही नावावर आहेत. हे सगळे अभंग त्या त्या व्यक्तीच्याच मुखातले आहेत असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण नंतरच्या कवींनी जुन्या नावांनी रचना केल्या आहेत. मात्र परंपरेला पंथाचा आरंभ एका माणसात न दिसता घरात दिसला, एवढे त्यावरून निश्चित होते.

याची खूण नाममुद्रेत सापडते. नाममुद्रा म्हणजे अभंगाच्या अखेरच्या चरणात रचनाकाराने गुंफलेले आपले नाव. जनाबाई तेथे ‘नामयाची दासी’ किंवा ‘नामयाची जनी’ म्हणवते आणि सोयराबाई ‘चोखियाची महारी’, म्हणजे नावाच्या जागी किंवा नावासोबत या बायका नाते लिहितात, आणि सोयराबाई तर नात्याला जातही जोडते. नात्याची अशीच एक खूण म्हणजे कुंकू, आणि याच जिल्ह्यात करमाळा तालुक्यातील केम हे कुंकवाचे गाव आहे. हळदीपासून कुंकू करण्याचा धंदा तेथे कारखान्यांपर्यंत वाढला, आणि पंढरीच्या दुकानांत परातींतून कुंकवाचे जे टोकदार ढीग रचलेले दिसतात, त्यांच्याशी या गावाचे नाव जोडलेले आहे. कपाळावरचे कुंकूही ‘अमक्याची’ एवढेच सांगते, असा आक्षेप घेता येतो आणि तो खोटाही नाही. परंतु सोयराबाईच्या अभंगात त्या षष्ठी विभक्तीच्या आधी जे येते ते नवऱ्याचे नसते: देहात जन्मलेला विटाळ देहालाच कसा बाटवणार, हा तिचा युक्तिवाद बाळंतपण सोसलेल्या बाईचा आहे. गोणाई आणि राजाई यांच्या तोंडचे अभंग तर भक्तीइतकेच तक्रारीचे आहेत, कारण मुलगा देवळात रमला की शिंपीकाम पडून राहते आणि घरातले पीठ संपते. संसाराने भरलेली ही किंमत पुरुषांच्या चरित्रांत सहसा उतरत नाही.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या मॉर्मन पंथाची तुलना येथे उपयोगी पडते. त्याचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८०५ साली व्हर्माँटमधील शेतकरी कुटुंबात जन्मला. १८१६ च्या उन्हाळा न आलेल्या वर्षी पीक बुडाले आणि हे कुटुंब न्यूयॉर्क प्रांतात स्थलांतरित झाले. ‘मॉर्मनचा ग्रंथ’ जोसेफने तोंडी सांगितला तेव्हा काही काळ तो उतरून घेणारी त्याची बायको एमा होती. आणि ग्रंथ ज्यांवर कोरलेला होता असे सांगतात त्या सुवर्णपत्र्यांचे साक्षीदार म्हणून ज्या आठ जणांच्या सह्या आहेत ते सर्व स्मिथ आणि व्हिटमर या दोनच घराण्यांतले, एक तर व्हिटमरांचा जावई. जनाबाईच्या नावावरील एका अभंगात कोणत्या संताची रचना कोणी लिहून घेतली याची यादी आहे, आणि तीत निवृत्तीचे बोल त्याचा भाऊ सोपान लिहितो; पहिला लेखनिक घरातलाच असावा, यात दोन्हीकडे सारखेच स्वाभाविकपण आहे.

१८४४ च्या जूनमध्ये इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम जमावाच्या गोळ्यांना बळी पडले, आणि पुढच्याच महिन्यात तिसरा भाऊ सॅम्युएल वारला. त्यानंतर त्यांच्या आईने, लूसीने, कुटुंबाची हकीकत सांगून लिहवली. ती १८५३ मध्ये लिव्हरपूलला छापली गेली, परंतु पंथाचा बहुतांश भाग ज्याच्यामागे यूटाला गेला त्या ब्रिगहॅम यंगला ती रुचली नाही, आणि १८६५ मध्ये तिच्या प्रती नष्ट करण्यास सांगण्यात आले. आईची आठवण आणि गादीचा इतिहास यांचे जमत नाही, असे एरवीही दिसते. दरम्यान १८६० मध्ये जोसेफचा मुलगा एका वेगळ्या शाखेचा प्रमुख झाला, म्हणजे वारशाचा वाद रक्तावरच येऊन ठेपला.

वारकऱ्यांच्या या पिढीत गादीचा असा तंटा माजला नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांना संततीच नव्हती. आज त्यांचा वारसा पादुकांच्या रूपाने चालतो, आणि निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून करमाळा तालुक्यातूनच पंढरीकडे जाते. एकमेकांपासून दूर समाधिस्थ झालेली ही भावंडे आषाढीच्या तोंडावर वाखरीला एकत्र येतात आणि नामदेवांच्या पादुका त्यांना सामोऱ्या जातात. घर पुन्हा जुळवण्याची ही रीत कोणत्याही वंशावळीपेक्षा टिकाऊ ठरली आहे. नामदेवांच्या कुटुंबाविषयी परंपरा सांगते की माहेरी बाळंतपणाला गेलेली एक सून वगळता सारे घर पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराच्या पायरीशी समाधिस्थ झाले; आत जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून ती जागा त्यांनी मागून घेतली.

त्याच पायरीसमोर चोखामेळ्याची समाधी आहे. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते ढासळले आणि चोखोबा त्याखाली सापडले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीला आणल्या, अशी कथा आहे. नामदेवांनी उंबरठा निवडला, चोखोबांना मात्र त्यापलीकडे जाण्याची मुभाच नव्हती. बापाने ज्या हीनतेला पूर्वजन्मीचे कर्म म्हणून कसेबसे स्वीकारले, तिच्याबद्दल मुलगा कर्ममेळा थेट विठ्ठलाला जाब विचारतो, आणि दुसऱ्या पिढीला वारसा म्हणून नेमके काय मिळाले याचा हिशेब त्याच्या मोजक्या अभंगांइतका रोखठोक क्वचितच कोणी मांडला असेल. मंदिराची ही बंदी उठावी म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले आणि मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० तारखेला ते सोडले. आज वारकरी आधी चोखोबांच्या समाधीला हात लावतो, मग नामदेवांच्या पायरीला, आणि पाय न लावता ती ओलांडून आत जातो.