घर पाहावं शोधून!

मँचेस्टर की लीड्स? कॅफेंचा झगमगाट की स्टेशन जवळ? नॉर्थ इंग्लंडमध्ये घर शोधणाऱ्या एका मराठी जोडप्याबरोबर केलेली ही पायपीट...

लीड्स म्हटलं की आपल्याला आठवतं हेडिंग्ले. ऑगस्ट २००२ ची ती टेस्ट. द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८ आणि भारताचा एक डाव ४६ धावांनी दणदणीत विजय! त्याच ग्राउंडच्या आसपास छत्री सावरत मी भाड्याची घरं बघत फिरेन, असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

झालं असं, की माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. भाओजी आयटीवाले, त्यांचं ऑफिस मँचेस्टरला. दोन शहरांत अंतर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या निम्मंही नाही! त्यामुळे पुण्यात बसून, व्हिडिओ कॉलवर बघून त्यांनी मँचेस्टरच्या मध्यात एका टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. काचेच्या भिंती, खाली जिम. एकदम कूल!

पहिल्या डिसेंबरात ताईचा फोन आला. "अगं, चार वाजता अंधार होतो इथे. अंधारात निघते, अंधारात येते. गाडी लेट झाली की साडेसात. लिफ्टमध्ये कोणी हसतसुद्धा नाही. मी राजीनामा देऊन सरळ घरी येणारे." ती हे चेष्टेत म्हणत नव्हती. भाओजींनाही ते कळलं होतं. कॉन्ट्रॅक्ट संपत आल्यावर त्यांनी नव्या घराचा शोध सुरू केला आणि मी नोव्हेंबर २०२५ मध्ये दहा दिवसांसाठी तिथे जाऊन पोचले. लेखासाठी म्हणून सांगितलं, खरं तर ताईसाठी.

पहिला स्टॉप डिड्सबरी, दक्षिण मँचेस्टर. मी तर प्रेमातच पडले. लाल विटांची घरं, बर्टन रोडवरचे कॅफे, फ्लेचर मॉस नावाची देखणी बाग. पक्ष्यांसाठी झटणारी 'आरएसपीबी' ही संस्था १८८९ मध्ये याच भागात सुरू झाली. वर २०१३ पासून दारात ट्राम! शेजारचं चॉर्लटन थोडं जास्त बिनधास्त. बीच रोडवर छोटी दुकानं आणि शाकाहाऱ्यांसाठी 'युनिकॉर्न' हे सहकारी वाणसामानाचं दुकान. आणि देशी जेवणाची आठवण आली, तर रशोमचा 'करी माईल' आहेच. थोडं पुढे सेल आणि ऑल्ट्रिंगम. हा ट्रॅफर्डचा भाग. इथे अजून प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी ग्रामर स्कूल्स आहेत, त्यामुळे मुलं असलेले आईबाप इथे घरासाठी धडपडतात.

मी म्हटलं, "ताई, फायनल!" ताई म्हणाली, "आणि मी लीड्सला रोज कशी जाऊ?" बोलती बंद.

शिवाय डिड्सबरीला मर्सी नदीचा शेजार आहे. जानेवारी २०२१ च्या वादळात पुराच्या भीतीने इथल्या काही लोकांना रात्री घर सोडायला सांगितलं होतं. एजंटच्या फोटोत नदी नेहमी शांतच असते!

मग भाओजींनी आयडिया काढली: मधलंच गाव घ्या ना! म्हणून हेब्डन ब्रिजला गेलो. डोंगराच्या कुशीतलं चित्रासारखं गाव. इथली गंमत म्हणजे उतारावर एकावर एक बांधलेली घरं. खालच्या घराचं दार खालच्या रस्त्यावर, वरच्याचं मागच्या, वरच्या रस्त्यावर. दोन्ही शहरांना थेट गाडी. पण २०१५ च्या नाताळात, म्हणजे २६ डिसेंबरला, हे गाव पाण्याखाली गेलं होतं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. मधलं गाव म्हणजे दोघांचाही प्रवास, आणि संध्याकाळी घरी कोणीच नाही. ताईच्या शब्दांत, "दोघांची सोय म्हणजे दोघांची गैरसोय."

त्या रात्री जेवताना दोघांनी पहिल्यांदा कागदावर हिशोब मांडला. भाओजींना ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं. ताईला पाच दिवस, तेही शिफ्टमध्ये. मग एवढे दिवस रोजचा प्रवास कोण करत होतं? ताई! का? तर भाओजींची नोकरी आधी लागली, म्हणून त्यांचं शहर ठरलं. टेबलावर दोन मिनिटं शांतता. मग भाओजी म्हणाले, "चुकलंच आपलं. लीड्स बघू."

लीड्सचा फंडा वेगळा. मँचेस्टरला १९९२ पासून मेट्रोलिंक ट्राम आहे. लीड्सच्या जुन्या ट्राम १९५९ मध्ये बंद झाल्या, सुपरट्रामचा बेत २००५ मध्ये बारगळला आणि ट्रॉलीबसचा २०१६ मध्ये. त्यामुळे इथे एकच प्रश्न विचारायचा: स्टेशन आहे का? चॅपल ॲलर्टनचे बार आणि रेस्टॉरंट्स सॉलिड, पण स्टेशन नाही, सगळी मदार बसवर. राउंडहेचं पार्क अवाढव्य, सातशे एकरांचं! तिथेही तोच प्रॉब्लेम. हेडिंग्लेला स्टेशन आहे, क्रिकेट आहे, पण विद्यार्थीही आहेत. शनिवारी चित्रविचित्र वेश करून एकामागून एक पब गाठत जाणारी 'ऑटली रन'ची वरात बघायला मजा येते. रोज त्याच रस्त्यावर राहायला? नको. हाईड पार्क आणि हेअरहिल्सकडे पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या 'बॅक टू बॅक' चाळी दिसतात. मागे दार नाही, मागे खिडकी नाही. भाडं कमी, पण उजेडही कमी. ताईला उजेड हवा होता.

शेवटी हॉर्सफर्थ. हॅरोगेट लाईनवरचं स्टेशन, लीड्सला जेमतेम पाव तास. टाउन स्ट्रीटवर बेकरी, केमिस्ट, लायब्ररी. ग्लॅमर? शून्य. मी नाक मुरडलं. आम्ही मुद्दाम संध्याकाळी पाचला, भर पावसात गेलो. एजंट उशिरा येणार होता. शेजारच्या दारातून एक आजी बाहेर आल्या, 'लव्ह' म्हणून हाक मारली आणि काळा कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा, हिरवा कधी, हे ताईला समजावत बसल्या. पंधरा मिनिटं! एजंट आला तेव्हा ताई त्यांच्या पोर्चमध्ये उभी राहून हसत होती. घर आतून ठीकठाकच होतं. कार्पेट जुनं, किचन छोटं. पण मला कळलं, निर्णय झालाय.

आता भाओजी आठवड्यातून दोनदा पहाटे उठून मँचेस्टरची गाडी पकडतात. गाडी लेट झाली की ताईला मेसेज येतो. ताई उत्तर पाठवते, "आलं घालून चहा ठेवते." राजीनाम्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

तुम्हीही निघालाय? मग हे लक्षात ठेवा

* घर एकदा अंधारात आणि पावसात बघा. उन्हात सगळीच घरं छान दिसतात.

* भिंतीला हात लावून ओल तपासा. ए ते जी या श्रेणींतलं ऊर्जा प्रमाणपत्र मागा. 'ई'च्या खालचं घर सहसा भाड्याने देताच येत नाही.

* २०१९ च्या कायद्यानुसार सर्वसाधारण घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं. ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायलाच हवं.

* नवख्यांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेण्याची पद्धत होती. २०२५ च्या नव्या कायद्यात त्यावर एका महिन्याची मर्यादा आहे. अंमलाची तारीख १ मे २०२६.

* भाड्याशिवाय कौन्सिल टॅक्स वेगळा, आणि तो सहसा भाडेकरूच भरतो. घराचा बँड आधी विचारा.

* पुराचा सरकारी नकाशा आणि पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा, दोन्ही फुकट बघता येतात.

* आणि सगळ्यात आधी, घरातल्या घरात एक प्रश्न विचारा: रोजचा प्रवास कोण करणार?