चार ठिपके

रत्नागिरी,
संक्रांतीचा दुसरा दिवस

चि. चिऊस,

सोबतच्या तिळगुळाच्या डब्याखाली केबलची गुंडाळी ठेवली आहे, ती फेकू नकोस. तुझं पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही. तीन संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलीस, नोआ-१९ डोक्यावरून जायची वेळ घड्याळ लावून पाहिलीस, आणि कानाला नुसती खरखर. वर लिहितेस, ‘काका, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही.’

अगं, तो हवामान उपग्रह आता बोलतच नाही. नोआ-१८ जून २०२५ मध्ये बंद झाला, नोआ-१९ आणि नोआ-१५ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. तू ज्या सूचना वाचून बसलीस त्या त्याआधीच्या असणार. तुझी गच्ची, वेळ, काहीच चुकलं नव्हतं. नोआ-१५ तर १९९८ साली सोडलेला, तू जन्मायच्या आधीचा. तो सेकंदाला चित्राच्या दोन ओळी पाठवायचा, म्हणून त्याचा सेकंदाला दोन ठोक्यांचा टिकटिकाट ऐकू यायचा. खरखरीतून तो ठोका हळूहळू वर आला की मी हातातलं काम टाकून बसायचो. तो आता तुला ऐकवता येणार नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण आकाश रिकामं नाही. रशियाचे मेटिऑर-एम २-३ आणि २-४ तिथेच, १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात. फक्त त्यांची बोली डिजिटल आहे. नोआचा सिग्नल अशक्त झाला की चित्रावर दाणे पडायचे, तरी कोकणपट्टी ओळखू यायची. मेटिऑरकडून सेकंदाला ७२,००० चिन्हं येतात, प्रत्येक चिन्ह चार अवस्थांपैकी एका अवस्थेतलं. चुका दुरुस्त करायची शिदोरीही सोबत असते, त्यामुळे थोडी पडझड झाली तरी ओळ स्वच्छ उतरते. ती शिदोरी पडझडीला पुरेनाशी झाली की ओळ धूसर होत नाही, गायबच होते. म्हणून पहिल्या दिवशी काहीच आलं नाही तर समजायचं, कदाचित अगदी थोडक्यात हुकलं.

ते किती थोडक्यात, हे पाहायला शिक. सॅटडंप या प्रोग्रॅममध्ये एक छोटा चौकोन दिसतो. सुरुवातीला त्यात ठिपके ओट्यावर सांडलेल्या मोहरीसारखे पसरलेले असतात. उपग्रह वर चढू लागला की ते गोळा होतात आणि एका क्षणी चार कोपऱ्यांत चार ढीग पडतात. मी आजही त्या क्षणी श्वास रोखतो.

हे ठिपके येतात कुठून? तू विचारलंस ना, लॅपटॉपला लावलेली रेडिओची यूएसबी कांडी प्रत्येक वेळी दोन-दोन आकडे का देते? जत्रेतला आकाशपाळणा आठव. तो कडेने पाहिला तर एक पाळणा नुसता वर जाताना, खाली येताना दिसतो. चक्र तुझ्याकडे फिरतंय की तुझ्यापासून दूर, हे सांगता येत नाही. पाळणा किती उंच आहे आणि किती पुढे आहे, हे दोन्ही कळलं की जागाही कळते आणि दिशाही. लाटेचं तसंच आहे. एका आकड्याने तिची उंची कळते, जोडीने तिची फिरण्यातली जागा. मेटिऑर आपला निरोप त्या जागेतच ठेवतो. चार जागा, म्हणून चार ठिपके.

आजोबांच्या मर्फी रेडिओत कंडेन्सरची पाती फिरायची आणि स्टेशन लागायचं. तुझ्या कांडीतला ट्यूनर हवा तेवढा पट्टा खाली आणतो, दुसरी चिप सेकंदाला चोवीस लाखांपर्यंत जोड्या मोजून लॅपटॉपकडे ढकलते, आणि पुढचं सगळं आकडेमोड करते. ही कांडी मुळात युरोपातला टीव्ही पाहण्यासाठी होती. एफएम ऐकवताना ती कच्चे आकडेच संगणकाला देते, हे २०१२ साली फिनलंडच्या अंत्ती पालोसारीच्या लक्षात आलं आणि कमी पैशांत हे दार उघडलं.

तिची मर्यादाही लक्षात घे. ती ८ बिटांची, म्हणजे मोजपट्टीवर फक्त २५६ खुणा. एफएमची दणकट स्टेशनं आत घुसली की त्या खुणा तीच खातात, उपग्रहाच्या कुजबुजीला उरत नाहीत. म्हणून गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची पातळी, शेवटपर्यंत चढवू नकोस. थोडा थोडा वाढव, तळाची खरखर उचलायला लागली की थांब. डब्याखाली केबलसोबत एफएम अडवणारा छोटा फिल्टर आहे, तो कांडी आणि अँटेनाच्या मध्ये लाव.

पण लगेच उपग्रहामागे धावू नकोस. आधी तो फिल्टर न लावता विविध भारती लाव. तुझ्या पुण्यात ती १०१ वर आहे हे ठाऊक आहे, म्हणजे पडद्यावरची उभी रेघ किती सरकलेली दिसते त्यावरून कांडीच्या स्फटिकाची चूक कळते. मग विमानं. १०९० मेगाहर्ट्‌झवर बहुतेक प्रवासी विमानं आपला पत्ता, उंची, ठिकाण सांगत जातात. लांब निरोप फक्त ११२ बिटांचा, ११२ मायक्रोसेकंदांत संपतो, आणि शेवटचे २४ बिट तपासणीचे. त्याला साडेसहा-सात सेंटिमीटरची तार पुरते. लोहगावची विमानं नकाशावर सरकताना दिसली की तुझा हात बसेल. डिजिटलची पहिली पायरी म्हणून याहून चांगलं मला काही माहीत नाही.

मेटिऑरसाठी तारेचे दोन तुकडे घे, प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या थोडे वर, मध्ये १२० अंशांचा कोन, दोन्ही आडवे, व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पैसे शिल्लक असतील तर महाग कांडी घेऊ नकोस, अँटेना गच्चीच्या टोकाला नेता येईल एवढी लांब, चांगली केबल घे. हॉस्टेलमधले चार्जर आणि एलईडी दिवे सतत कचरा ओकत असतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, पडद्यावरच्या काही रेघा तिथल्या तिथे मिटतील.

अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला जाऊ. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. रेडिओ गोंगाट कमी म्हणून नारायणगावजवळची ती जागा निवडली होती. तिथेही आकाशातून आलेली लाट शेवटी आकड्यांतच उतरते. तिथल्या माणसांना विचार, ते गोंगाट कसा ओळखतात. तुझ्या गच्चीवरचा प्रश्न तोच आहे.

एक गोष्ट मात्र पाळ. जे सर्वांसाठी सोडलेलं असतं तेच ऐक, दुसऱ्याच्या खासगी बोलण्यात कान घालू नकोस. आणि प्रसारण करायची हौस आली तर आधी हौशी रेडिओची परीक्षा दे. पुस्तकं मी पाठवीन.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता.क. – मेटिऑर १३७.९ वर मिळाला नाही तर १३७.१ बघ. आणि पहिल्या वेळी चित्र आलं नाही तरी त्या चौकोनाचा फोटो काढून पाठव, मोहरी किती पसरली आहे ते मला पाहायचं आहे.