तीन वर्षं उभा राहिलेला गाडा

चाक चालून झिजतं हे कुणाला सांगावं लागत नाही. उभं राहूनही ते झिजतं, आणि ठरावीक जागीच झिजतं, हे मी पुण्याच्या बिबवेवाडीत २०२२च्या श्रावणात डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून रस्त्याकडेला धूळ खात उभं असलेलं कुठलंही वाहन दिसलं, की नजर आधी त्याच्या चाकाच्या मधोमध जाते. त्या लहानशा टोपीखाली आत काय चाललं असेल, हे मनात येतंच.

आमच्या गणेश मंडळाचा विसर्जनाचा गाडा तिथेच अप्परच्या चढाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये असतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा सांगाडा, त्यावर लोखंडी चौकट, पुढचा एक्सल वळणारा, चार चाकं. अनंत चतुर्दशीला वर महिरप चढते, झेंडूच्या माळा, दिवे, आणि खालचं लोखंड झालरीआड जातं. वर्षातला तो एक दिवस आणि एक रात्र सोडली, तर गाड्याला दुसरं आयुष्य नाही. १२ सप्टेंबर २०१९ला तो निघाला तेव्हा पावसाच्या सरी अंगावर घेतच निघाला. त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. पंधरवडा उलटायच्या आत, २५ तारखेच्या रात्री, आंबिल ओढा पात्र सोडून खालच्या वस्त्यांमध्ये शिरला आणि माणसं गेली. त्या धांदलीत भिजल्या चाकांचा गाडा शेडमध्ये लोटलेला तसाच राहिला. पुढच्या वर्षी काढायचाच आहे, असं सगळ्यांनी धरलेलं. पण कोरोनामुळे २०२०ला मिरवणूक निघाली नाही, २०२१लाही नाही. दोन्ही वर्षं बाप्पाचं विसर्जन जागेवरच झालं.

त्या दोन वर्षांत एक रथ माझ्या मनात फार यायचा. आळंदीचा. दिवे घाटात जादा बैलजोड्या जोडून वर ओढला जाणारा माउलींचा रथ जागेवर होता आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारी चुकल्याचं दुःख लोक मोकळेपणाने बोलत होते. मी मात्र चाकांचा विचार करत राहायचे. ज्या चाकांना दर आषाढात वाट ठाऊक, त्यांना कुणी कसं सांगायचं की यंदा नाही?

मग २०२२च्या श्रावणात गाडा उघडायला काका आले. चिंचवडला स्वीडनच्या एसकेएफने साठच्या दशकात कारखाना उभारला आणि त्या सगळ्या पट्ट्याने बेअरिंग बोटांनी ओळखणारी एक अख्खी पिढी घडवली. काका त्या पिढीतले. आयुष्यभर तपासणीवर. निवृत्तीनंतर मार्केट यार्डात भाजीला जातात तेव्हाही हातगाडीचा आवाज ऐकून, "मागचं डावं चाक बघून घे रे," असं सांगणारे.

"आधी ठोकळे लावा," त्यांनी पोरांना सांगितलं. "जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही." चौकटीखाली लाकडी ठोकळे बसले, एक चाक अधांतरी झालं. काकांनी ते हाताने फिरवलं आणि दुसरा हात एक्सलवर ठेवला. खरखर कानाआधी तळव्याला कळते, हे त्यांचं म्हणणं. मीही हात ठेवला. बारीक, कोरडी थरथर होती, मधूनच अडखळणारी.

टोपी निघाली, गंजलेली स्प्लिट पिन तुटूनच निघाली, मग कॅसल नट, वायसर, बाहेरचं बेअरिंग. हब ओढून काढला आणि आतलं ग्रीस दिसलं. काकवीसारखं काळं आणि चिवट, पण एका कडेला त्याचा रंग दुधाळ झालेला. काकांनी ते बोटावर घेऊन उजेडात धरलं. "पाणी."

पाणी शिरलं कसं, हे त्यांनी तिथेच उकिडवं बसून समजावलं. गरम झालेला हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या ओठातून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. खडकवासल्याला शिडाच्या होड्या पाण्यात उतरतात ना, तशा होड्या वाहणाऱ्या ट्रॉलींचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. रस्त्याने तापत यायचं, किनाऱ्यावर थेट पाण्यात चाकं बुडवायची आणि मग महिनोन्‌महिने कोपऱ्यात उभं राहायचं. आमचा गाडा कधी नदीत उतरला नाही. त्याचं सील जुनं होतं आणि भाद्रपदाचा पाऊस पुरेसा होता.

बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं. एका पोराने हवा मारून ते गरगरा फिरवायचा बेत केला, तो काकांनी हात धरून थांबवला. सुकं बेअरिंग हवेच्या झोताने फिरवलं की पिंजरा तुटून रोलर गोळीसारखे उडू शकतात. फडक्याने टिपून, सावलीत ठेवून ते वाळवलं.

मग त्यांनी हबमधला कप, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं, माझ्यासमोर धरला. आतून पुसला आणि तिरका केला. चकाकत्या पोलादावर करड्या-तांबूस रेघा होत्या, एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर, पण फक्त खालच्या बाजूला. प्रत्येक रेघेच्या जागी एकेक रोलर तीन वर्षं टेकून बसला होता. रोलर आणि कप जिथे भिडतात त्या फटीत ओल धरून राहिली, वरचा सगळा भार तिथेच, आणि त्याच जागी गंजाने पोलाद खाल्लं होतं. वरचा अर्धा भाग नवाकोरा. मी रेघेवरून नख फिरवलं, ते अडकलं. "नख अडकलं की कप गेला," काका म्हणाले. त्या रेघांवरून माझी नजर हटेना. कॅलेंडरवरची ती रिकामी वर्षं आम्ही कशीबशी विसरायला निघालो होतो. इथे ती एकाखाली एक कोरलेली होती.

गंज नसतानाही असं होतं, हे मला नंतर कळलं. १९३०च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटहून नव्या मोटारी रेल्वेने दूर पाठवत, आणि एक मैलही न चाललेल्या त्या मोटारींची चाकांची बेअरिंगं उतरवताना खराब निघत. चाक फिरत नाही, पण डब्याचे हादरे बसतच राहतात. रोलर त्याच जागी सूक्ष्म घासत राहतो, मधलं ग्रीस बाजूला सरतं, पोलादाला पोलाद लागतं.

शंकूच्या आकाराचं हे बेअरिंग मुळात मोटारीसाठी जन्मलंच नव्हतं, हे मला फार आवडतं. हेन्री टिमकेन हा अमेरिकेतला घोडागाड्या बनवणारा कारागीर. जड गाडी कोपऱ्यावर वळताना चाकावर नुसता वरून भार येत नाही, बाजूनेही रेटा येतो, आणि साधं बेअरिंग त्यात मरतं. हे ओळखून त्याने आणि त्याच्या भाच्याने तिरक्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट १८९८मध्ये घेतलं. स्वारगेटच्या वळणावर ढोल-ताशाच्या गजरात आमचा गाडा जेव्हा तोंड फिरवतो, तेव्हा झालरीआड हेच घडत असतं.

नाना पेठेतून नवी बेअरिंगं आली, नवे कप, नवी सील. कप आणि कोन, म्हणजे रोलर बसवलेला आतला भाग, जोडीनेच बदलायचे. जुन्या कपात नवा कोन घातला तर नवाही जुन्याच्या वाटेने जातो. जुने कप मागून ठोकून काढले, नवे बसवताना काकांनी हातोडीचे घाव चारी बाजूंनी फिरते ठेवले. कप पूर्ण टेकला की घावाचा आवाज बदलतो. पोकळ होता तो एकदम भरीव होतो. त्या एका आवाजासाठी शेडमधले सगळे गप्प राहून ऐकत होते.

ग्रीस भरायचं काम त्यांनी मला दिलं. डाव्या तळहातावर एपी-थ्री ग्रीसचा गोळा, उजव्या हातात बेअरिंग, रुंद तोंड खाली. तळहाताच्या कडेला दाबत दाबत ओढायचं, वरच्या अरुंद तोंडातून रोलरांच्या मधून ग्रीस डोकावेपर्यंत. मग थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. बाहेरून माखलेलं बेअरिंग भरलेलं दिसतं, पण आतून कोरडं असू शकतं, म्हणून घाई चालत नाही. हबची पोकळी मात्र गच्च भरायची नाही, गरम झाल्यावर ग्रीसला फुगायला जागा लागते. जुन्या ग्रीसचा अंशही ठेवायचा नाही, कारण दोन जातींची ग्रीसं एकत्र आली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. देवाच्या गाड्याला हात लावायचा म्हणून मी सकाळी अंघोळ करून गेले होते. दुपारी कोपरापर्यंत पिवळ्या ग्रीसने माखलेले माझे हात मला तितकेच सोवळे वाटले.

शेवटी नट. चाक फिरवत फिरवत तो आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग किंचित सैल करून पिनेचं पुढचं भोक गाठायचं. घट्ट राहिला तर बेअरिंग जळेल, ढिला राहिला तर चाक डुगडुगेल. काकांनी टायर वर-खाली धरून हलवलं, अंगठ्याला जेमतेम जाणवेल इतकी ढिलाई ठेवली आणि नवी स्प्लिट पिन वाकवली. जुनी पिन पुन्हा वापरू दिली नाही.

९ सप्टेंबरला गाडा निघाला. ट्रॅक्टर उतारावरून हळू आला तरी स्वारगेटला थांबल्या थांबल्या काका झालर उचलून चारही हबना पालथा हात लावत फिरले. कोमट होते, चारही सारखेच. पुढे टिळक रस्त्यावर दहा पावलं चालायचं आणि तासभर थांबायचं. पुण्याची मिरवणूक त्या वर्षी ३१ तासांच्या आसपास चालली. लोक मूर्तीकडे बघत होते, हात जोडत होते, आणि मी गर्दीत वाट काढत चाकाशेजारून चालत राहिले.

गाडा परत आला तो या वेळी तसाच लोटला नाही. चाकं टेकू नयेत म्हणून एक्सलखाली लोखंडी घोडे लावले, टोप्या पुसून घेतल्या, ताडपत्रीखाली हवा खेळेल अशी फट ठेवली. शेडच्या दाराला आतून एक फळा टांगला आहे. दर महिन्याच्या संकष्टीला कुणी येऊन चारही चाकं हाताने फिरवायची, त्यांची नावं काकांनी त्यावर खडूने लिहिली. आश्विनातली पाळी माझी होती.